डावीकडे खाली दुखतंय: डायव्हर्टिक्युलायटिस, पथ्यपाणी आणि आतड्याच्या ऑपरेशनची तयारी

२०२१ च्या गौरी जेवणाच्या दुसऱ्या दिवशी माझं पोट डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली दुखायला लागलं आणि घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की गॅस झालाय. ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं, मग शेजारच्या काकू म्हणाल्या बेंबी सरकली असेल, चोळून घे आणि वरून एरंडेल घे म्हणजे पोट साफ होईल. मी दोन्ही केलं. तिसऱ्या दिवशी १०२ ताप आणि हुडहुडी भरली तेव्हा हॉस्पिटल गाठलं, सीटी स्कॅन झाला आणि डायव्हर्टिक्युलायटिस हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा वाचला. पुढच्या दीड वर्षात आणखी दोन अटॅक आले, तिसऱ्यात पू झाला, पोटात नळी टाकावी लागली, आणि मे २०२३ मध्ये आतड्याचा तेवढा भाग काढला.

तेव्हा मराठीत या आजारावर नीट, क्रमानं लिहिलेलं काही मला सापडलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या पोटाचा निर्णय तुमच्या सर्जनबरोबरच घ्या. पण त्यांच्यासमोर बसताना हातात काय असावं, डोक्यात काय असावं आणि घरी काय करावं, एवढं मी सांगू शकते. या आजारातली बहुतेक कामं तुम्ही बरे असताना करायची असतात, कारण ताप चढल्यावर, कण्हत असताना कुणालाच काही सुचत नाही.

आधी आजार समजून घ्या

आपलं मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याच्या भिंतीत स्नायूंचा थर आहे, त्या थरातून रक्तवाहिन्या जिथे आत शिरतात तिथे भिंत जरा कमजोर असते, आणि आतला दाब वाढत राहिला की वर्षानुवर्षांत तिथून अस्तर फुग्यासारखं बाहेर येतं. सायकलच्या जुन्या टायरमधून ट्यूब बाहेर डोकावते ना, अगदी तसंच. या छोट्या पिशव्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात, आणि त्या नुसत्या असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. त्यात एखाद्या पिशवीला सूज आली, इन्फेक्शन झालं की डायव्हर्टिक्युलायटिस. हा फरक लक्षात ठेवा, कारण कोलोनोस्कोपीच्या (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघतात ती तपासणी) रिपोर्टवर नुसतं डायव्हर्टिक्युलोसिस वाचून घाबरलेले लोक मला भेटलेत. पिशव्या असणाऱ्या बहुतेकांना कधीच काही होत नाही, अलीकडच्या अभ्यासांत असे अटॅक येणाऱ्यांचं प्रमाण शंभरात पाचाहून कमी दिसलंय.

पाश्चात्त्य देशांत हा त्रास जवळजवळ नेहमी डावीकडे, सिग्मॉइड नावाच्या एस आकाराच्या शेवटच्या वळणात होतो. तो भाग सगळ्यात अरुंद, त्यामुळे दाब तिथे जास्त. आशियातल्या लोकांत उजवीकडेही बराच दिसतो, आणि मग तो हुबेहूब अपेंडिक्ससारखा वाटतो. म्हणून "उजवीकडे दुखतंय म्हणजे डायव्हर्टिक्युलायटिस नाहीच" असं घरबसल्या ठरवू नका.

कारणांत वय, घरातला वारसा, वजन, सिगारेट, बैठं काम, जास्त लाल मांस, कमी चोथा हे सगळं येतं. आणि एक गोष्ट जी आपल्याकडे कुणी सांगत नाही: पेनकिलर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या वारंवार घेतल्यानं अटॅकचा, आतडं फुटण्याचा आणि पिशवीतून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मी गुडघ्यांसाठी तीन वर्षं डायक्लोफेनॅक घेत होते, मेडिकलमधून सरळ पट्टी आणायची आणि घ्यायची. आता दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही मोजून. मात्र हार्टसाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मनानं बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

अटॅक आला की पहिल्या दिवशी

दुखणं सहसा एका जागी बसतं आणि तासातासाला वाढत जातं. सोबत ताप, मळमळ, बद्धकोष्ठ नाहीतर जुलाब, काहींना सारखी लघवीला लागते कारण सुजलेलं आतडं मूत्राशयाला टेकतं. हे दिसलं की तीन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत: पोट चोळायचं नाही, जुलाबाचं काही घ्यायचं नाही (एरंडेल, चूर्ण, रात्रीच्या गोळ्या, काहीच), आणि घरी एनिमा घ्यायचा नाही. आतून पातळ झालेल्या, सुजलेल्या भिंतीवर दाब देण्याचा हा प्रकार आहे. मी केलं ते तुम्ही करू नका, कळकळीनं सांगते.

त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, ताप उतरायची वाट बघू नका. आणि खालचं काही असेल तर ओपीडीची वेळ न बघता थेट इमर्जन्सीत:

- सगळं पोट फळीसारखं कडक झालंय, खोकलं किंवा रिक्षा खड्ड्यातून गेली तरी कळ येतेय
- हुडहुडी भरून ताप, छाती धडधडतेय, लघवी कमी झालीय, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय
- उलट्या थांबत नाहीत, पोट फुगलंय, गॅसही सरत नाही
- संडासातून बऱ्यापैकी लाल रक्त जातंय
- लघवीतून हवेचे बुडबुडे येतात किंवा लघवीला विष्ठेसारखा वास येतो

शेवटची गोष्ट लोक सांगायला लाजतात. पण आतडं आणि मूत्राशय यांच्यात वाट तयार झाली, ज्याला फिश्चुला म्हणतात, तर हेच लक्षण असतं आणि त्याचा इलाज बहुतेक वेळा ऑपरेशनच असतो. बायकांमध्ये मध्ये गर्भाशय असल्यामुळे हे कमी होतं, गर्भाशय काढलेलं असेल तर मात्र योनीमार्गातून गॅस किंवा घाण जाऊ शकते. लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा.

तपासण्यांत रक्त होतं (पांढऱ्या पेशी, सूज दाखवणारं सीआरपी, किडनीसाठी क्रिएटिनिन), आपल्याकडे आधी सोनोग्राफी करतात, पण गॅसमुळे सोनोग्राफीत कधीकधी काहीच दिसत नाही. माझ्या पहिल्या सोनोग्राफीत "नॉर्मल" आलं होतं. खरं चित्र कॉन्ट्रास्ट (आतले भाग उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध) दिलेल्या सीटीत दिसतं, त्यामुळे सोनोग्राफी नॉर्मल आणि दुखणं मात्र वाढतंय असं असेल तर "सीटीची गरज आहे का" हे स्वतःहून विचारा. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल किंवा आधी कॉन्ट्रास्टनं अंगावर पित्त उठलं असेल तर ते आधीच सांगायचं.

रिपोर्टमधले शब्द

सीटी रिपोर्टची सीडी किंवा लिंक आणि कागद दोन्ही मागून घ्या, पुढच्या प्रत्येक निर्णयाला तेच लागतं. त्यात आतड्याची भिंत जाड झालीय आणि बाजूच्या चरबीत सूज आहे एवढंच असेल तर तो साधा, म्हणजे अनकॉम्प्लिकेटेड अटॅक. अ‍ॅब्सेस म्हणजे पूचा गोळा, त्याचा आकार सेंटीमीटरमध्ये लिहिलेला असतो, साधारण ३ सेंटीमीटरच्या आतला असेल तर बऱ्याचदा सलाइनमधून अँटिबायोटिक देऊनच विरतो, मोठा असेल तर सीटी किंवा सोनोग्राफीत बघत बघत बारीक नळी टाकून पू काढतात. तिला पिगटेल म्हणतात, टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असतं म्हणून. माझा साडेचार सेंटीमीटरचा होता, नळी नऊ दिवस होती. जागा बधिर करून टाकतात, टाकताना दुखण्यापेक्षा दाबल्यासारखं जास्त वाटतं. फ्री एअर म्हणजे आतडं फुटून हवा बाहेर आलीय, आणि ही बातमी गंभीर.

हिंची स्टेज असंही कुणी म्हणेल. १९७८ मध्ये मांडलेली १ ते ४ अशी ही वर्गवारी आहे: १ म्हणजे आतड्याला लागूनच पूचा गोळा, २ म्हणजे ओटीपोटात लांबवर, ३ म्हणजे पोटभर पू पसरलाय, ४ म्हणजे विष्ठा पोटात सांडलीय. ३ आणि ४ ला सहसा तातडीचं ऑपरेशन लागतं.

साध्या अटॅकला प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही, हे ऐकून मला धक्का बसला होता. स्वीडन आणि आइसलंडमध्ये ६२३ पेशंटवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये आला, नेदरलँड्समधला ५२८ जणांचा २०१७ मध्ये, दोन्हीत असं दिसलं की सीटीवर साधा अटॅक दिसलेल्या, बाकी तब्येत धड असलेल्या लोकांना अँटिबायोटिक दिलं किंवा नाही दिलं तरी फार फरक पडला नाही. हे सगळ्यांना लागू नाही हं, गरोदर बायका, स्टिरॉइड घेणारे, केमो चालू असलेले, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांना देतातच. म्हणून डॉक्टर म्हणाले "सध्या गोळी नको, दोन दिवसांनी परत दाखवा", तर ते टाळाटाळ करत नाहीयेत. आणि दिलंच, तर कोर्स पूर्ण करा. मेट्रोनिडॅझोल असेल तर तोंडाला लोखंडासारखी चव येते, जेवण जात नाही, तेवढे दिवस दारू पूर्ण बंद.

खाणं, जिथे सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात

अटॅक चालू असताना आतड्याला विश्रांती द्यायची. डॉक्टरांनी तोंडानं घ्यायला परवानगी दिली असेल तर पहिले एक-दोन दिवस शहाळ्याचं पाणी, वरणाचं निवळ, भाताची पेज वरवरची, पातळ ताक गाळून, साखर-मीठ पाणी. दुखणं उतरायला लागलं की मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, रव्याची खीर, उकडलेला बटाटा, दही. या काळात भाकरी, कोशिंबीर, पालेभाजी, उसळ, इसबगोल काही नाही. फार दिवस नुसत्या पाण्यावर राहू नका, मी पाच दिवस काढले आणि चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले.

दुखणं पूर्ण थांबल्यावर मात्र सगळं उलट करायचं. आता चोथा हवा, रोजचा २५ ते ३० ग्रॅम, आणि तो एकदम नाही, तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवत न्यायचा, नाहीतर पोट इतकं फुगतं की परत अटॅक आला असं वाटून जीव घाबरतो. आपल्या स्वयंपाकघरात हे अवघड नाही. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, मोडाची मटकी, चवळी, गवार, शेपू, मेथी, भोपळा, पेरू, पपई. मी पहिल्या आठवड्यात फक्त पोळीच्या जागी अर्धी भाकरी आणली, दुसऱ्या आठवड्यात शिजवलेली पालेभाजी, तिसऱ्यात वाटीभर उसळ. इसबगोल घ्यायचा असेल तर एका चमच्यानं सुरुवात आणि त्यावर मोठा पेलाभर पाणी, कारण पाणी कमी पडलं तर तोच इसबगोल आत घट्ट बसतो. चोथ्याची ही कल्पना १९७१ मध्ये पेंटर आणि बर्किट या ब्रिटिश डॉक्टरांनी मांडली, त्यातला बर्किट बरीच वर्षं युगांडात सर्जन होता आणि तिथल्या चोथायुक्त जेवणाच्या लोकांत हा आजार त्याला दिसतच नव्हता. त्यांचं सगळंच म्हणणं पुढे जसंच्या तसं टिकलं नाही, पण चोथा खाणाऱ्यांना अटॅक कमी, हे पुढच्या अभ्यासांतही दिसलं.

आता बियांचं. मला पहिल्या अटॅकनंतर नातेवाइकांनी मिळून टोमॅटो, वांगं, पेरू, काकडी, तीळ, शेंगदाणे, मका सगळं बंद करायला लावलं, संक्रांतीला तिळगूळसुद्धा खाल्ला नाही. बी पिशवीत अडकते म्हणून. पूर्वी डॉक्टरही हेच सांगायचे. मग अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांवर १८ वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २००८ मध्ये छापून आला, त्यात दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना अटॅक जास्त आले असं दिसलं नाही, उलट दाणे आणि पॉपकॉर्न जास्त खाणाऱ्यांत थोडे कमीच दिसले. तेव्हा बरे असताना शेंगदाण्याची चटणी खा. एखादा पदार्थ तुम्हाला स्वतःला वारंवार त्रास देतो असं दिसलं तर तो सोडा, यादी मात्र दुसऱ्याची घेऊ नका.

रोज चालणं, सिगारेट-तंबाखू बंद, वजन थोडं खाली, संडासला कळ आली की थोपवून न धरणं, हे सगळं या आजारात खरंच उपयोगी पडतं.

अटॅकनंतरची कोलोनोस्कोपी

सीटीवर सूज आणि कॅन्सर कधीकधी सारखेच दिसतात. म्हणून अटॅक शमल्यावर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी सांगतात, विशेषतः पू-बिऊ झाला असेल किंवा अलीकडे झालेली नसेल तर. आधी नाही, कारण सुजलेल्या आतड्यात हवा भरली तर ते फुटू शकतं. "बरं वाटतंय, आता कशाला" म्हणून ही टाळू नका. आदल्या दिवशी आतडं साफ करायची पावडर पिणं हाच त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, थंड करून, मध्ये लिंबाची फोड चोखत प्या.

ऑपरेशन करायचं का

पूर्वी दोन अटॅक झाले की आतडं काढा असा सरसकट नियम होता, आणि अजूनही काही जण तो सांगतात. अमेरिकेतल्या कोलोरेक्टल सर्जनच्या संघटनेनं २००६ च्या सूचनांपासून नुसती अटॅकची संख्या मोजणं सोडलं. कारण असं लक्षात आलं की आतडं फुटण्यासारखं मोठं संकट बहुतेक वेळा पहिल्याच अटॅकला येतं, पुढच्या साध्या अटॅकना तो धोका वाढत जात नाही. म्हणजे "पुढच्या वेळी फुटेल" या भीतीनं कुणी घाई करत असेल तर ती भीती तितकी खरी नाही, आणि वय पन्नाशीच्या आत आहे एवढंही कारण पुरेसं नाही.

मग कधी करायचं? फिश्चुला झाला असेल, आतडं आकसून रस्ता अरुंद झाला असेल, कॅन्सर नाही हे खात्रीनं सांगता येत नसेल, तर करावंच लागतं. मोठा पूचा गोळा होऊन गेला असेल तर बहुतेक सर्जन सुचवतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम चालू असतील तर लवकर विचार करतात. आणि उरलेल्यांसाठी प्रश्न एकच, या आजारानं तुमचं जगणं किती खाल्लंय. नेदरलँड्समध्ये २०१७ साली आणि फिनलंडमध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासांत, वारंवार अटॅक येणाऱ्या किंवा सतत दुखत राहणाऱ्या लोकांपैकी ऑपरेशन केलेल्यांचं रोजचं जगणं न केलेल्यांपेक्षा सहा महिन्यांनी चांगलं दिसलं. पण त्याच नेदरलँड्सच्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या ४७ पैकी ७ जणांचा आतड्याचा जोड (खराब भाग काढल्यावर दोन टोकं शिवतात ती जागा) गळला, हेही सांगायला हवं. आणि ऑपरेशननंतरही थोड्यांना अटॅक परत येतो, काहींचं पोट दुखायचं राहतंच.

हे ठरवायला मला सगळ्यात उपयोगी पडली ती साधी वही. तारीख, किती दुखलं दहापैकी, ताप, संडास कशी, काय औषध घेतलं, कामाला दांडी पडली का. सहा महिन्यांची पानं उलटली तेव्हा दिसलं की मी ४१ दिवस कुठल्या ना कुठल्या कारणानं अंथरुणात होते, दोन लग्नं चुकवली होती आणि गावाला जायचं म्हटलं की आधी जवळचं हॉस्पिटल कुठे आहे ते बघत होते. आमच्या ह्यांनी ती वही वाचली आणि म्हणाले, "मला वाटलं होतं तू बरी आहेस." तोपर्यंत ते ऑपरेशनच्या पूर्ण विरोधात होते.

सर्जनला विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या आणि सोबत घरातलं एक माणूस न्या, एकटीला अर्धंच ऐकू येतं. वर्षाला अशी किती सिग्मॉइडची ऑपरेशनं तुम्ही करता? दुर्बिणीतून होईल का, आणि मध्येच पोट उघडावं लागण्याची शक्यता किती? किती भाग काढणार आणि खालचा जोड गुदाशयाला देणार का? (हा प्रश्न महत्त्वाचा आहे, सिग्मॉइडचा खालचा तुकडा मागे ठेवला तर आजार परत यायची शक्यता वाढते, म्हणून जोड गुदाशयाच्या वरच्या भागाला देतात.) पोटावर विष्ठेची पिशवी लागण्याची शक्यता किती, तात्पुरती की कायमची? जोड गळला तर या हॉस्पिटलमध्ये रात्री दोन वाजता कोण बघेल, आयसीयू आहे का, सीटी रात्री होतो का? माझ्या एका सर्जननी दुसरं मत घ्यायचंय म्हटल्यावर तोंड वाकडं केलं, दुसऱ्यांनी स्वतःहून फाइलच्या झेरॉक्स काढून दिल्या. मी दुसऱ्यांकडे ऑपरेशन केलं.

पैशाचं काम

मेडिक्लेम असेल तर ठरवून केलेल्या ऑपरेशनला कॅशलेसची पूर्वपरवानगी आधीच टाकता येते, हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विम्याची कागदपत्रं बघतात तिथे) पॉलिसी, आधार, जुने सगळे सीटी रिपोर्ट आणि सर्जनचं पत्र द्या. पॉलिसीत रूमच्या भाड्याची मर्यादा बघा, वरची रूम घेतली तर बाकीच्या खर्चातूनही त्या प्रमाणात कापतात आणि शेवटच्या दिवशी भांडण होतं. मेडिक्लेम नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला आधी भेटा आणि तुमचं ऑपरेशन नेमकं बसतं का ते त्याच्याकडून खात्री करून घ्या. हे अ‍ॅडमिट व्हायच्या आधी.

ऑपरेशनआधीचे सहा आठवडे

शेवटच्या अटॅकनंतर साधारण सहा आठवडे तरी थांबतात, सूज उतरावी म्हणून. हा वेळ फुकट घालवू नका. सिगारेट, तंबाखू, मशेरी किमान चार आठवडे आधी बंद, जोड भरून यायला रक्तपुरवठा लागतो आणि तंबाखू तोच कमी करते. हिमोग्लोबिन बघा, आपल्या बायकांचं नऊ-दहा असणं आपल्याला नेहमीचंच वाटतं, पण ऑपरेशनआधी ते वाढवून घ्यायला हवं. शुगर आटोक्यात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती किमान ३ दिवस आधी थांबवावी लागते, भूलतज्ज्ञांना नाव घेऊन सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. रोज अर्धा तास चाला. प्रोटीन वाढवा, अंडी, डाळी, पनीर, मासे जे चालतं ते. फुंकायचं नाही तर ओढायचं असतं ते तीन बॉलचं यंत्र आधीच आणून सवय करा, ऑपरेशननंतर टाक्यांवर हात ठेवून नवीन शिकणं कठीण जातं.

आदल्या दिवशी आतडं साफ करायची पावडर आणि बऱ्याच ठिकाणी सोबत अँटिबायोटिक गोळ्या देतात. रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही हा जुना नियम आता बऱ्याच ठिकाणी सैल झालाय, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं असं आजचे भूलतज्ज्ञ सांगतात, तुमचे काय सांगतात ते पाळा.

पिशवीबद्दल, न घाबरता

ही पिशवी म्हणजे पोटावर आणलेल्या आतड्याच्या तोंडाला, म्हणजे स्टोमाला, विष्ठा गोळा करायला चिकटवतात ती. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुतेकांना ती लागत नाही. तातडीच्या ऑपरेशनमध्ये लागायची शक्यता बरीच जास्त. त्यात खराब भाग काढून, खालचं टोक बंद करून वरचं टोक पोटावर आणतात, याला हार्टमन ऑपरेशन म्हणतात, हार्टमन या फ्रेंच सर्जननं ते १९२१ मध्ये मांडलं. पुढे काही महिन्यांनी परत जोडता येतं, पण वय आणि इतर आजारांमुळे बऱ्याच जणांचं ते राहूनच जातं, हे आधी माहीत असलेलं बरं. कधी जोड देऊन त्याला आराम मिळावा म्हणून लहान आतड्याची तात्पुरती पिशवी करतात, तिला इलिओस्टॉमी म्हणतात.

तुम्हाला पिशवी लागणार नाही असं सांगितलं तरी ऑपरेशनआधी स्टोमा नर्सला (पिशवीची काळजी शिकवणारी नर्स) भेटा आणि पोटावर पेनानं खूण करून घ्या. खूण करताना उभं राहा, खुर्चीत बसा, मांडी घालून जमिनीवर बसा, वाका. साडीच्या परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा जिथे बसतो तिथे स्टोमा आला तर रोजचा त्रास होतो, आणि ही जागा ऑपरेशन टेबलवर झोपलेल्या माणसाच्या पोटावर नीट कळत नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, चिकटवायच्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं म्हणजे कातडी सोलवटत नाही. इलिओस्टॉमीत पाणी आणि मीठ खूप जातं, घरात ओआरएस ठेवा आणि लघवी गडद झाली की लगेच कळवा. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, तिथे पिशवी घेऊन जगणारी माणसं स्वतः बोलतात. माझ्या चुलत सासऱ्यांना हार्टमन झालं होतं, ते पिशवी लावून शेतावर जायचे, पंगतीत बसायचे, आणि त्यांच्याकडे बघूनच माझी भीती अर्धी झाली.

हॉस्पिटलमधले दिवस

मी सहा दिवस होते. दुर्बिणीचं असेल तर साधारण चार ते सात. पहिल्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठवून बसवतात, चालवतात, मन नसलं तरी उठा, कारण पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आणि आतडं जागं व्हावं म्हणून चालणंच कामी येतं. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरा. च्युइंगगम चघळायला सांगतात, त्यानं आतड्याची हालचाल लवकर सुरू होते. दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात त्यामुळे खांदा दुखतो, दोन दिवसांत जातो. प्रत्येक डॉक्टर एकच विचारतो, गॅस सरला का. माझा तिसऱ्या दिवशी पहाटे सरला आणि मी खरंच रडले.

जोड गळण्याचा धोका साधारण पहिल्या आठवडा-दहा दिवसांत असतो, म्हणजे काहींना घरी गेल्यावर. नव्यानं ताप, नाडी सतत १०० च्या वर, पोट फुगत जाणं, बरं होता होता अचानक परत दुखणं, मळमळ, असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, जिथे ऑपरेशन झालं तिथेच जायचं. जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे इंजेक्शन घेऊन रात्र काढायची नाही.

घरी आल्यावर

सहा आठवडे जड उचलणं बंद. जड म्हणजे पाण्याची बादली, कुकर, नातवंड, बाजाराची पिशवी सगळं. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, आपल्याला न उचलण्याची सवय नसते. खाणं परत मऊ भातापासून, थोडं थोडं पाच-सहा वेळा, आणि भाकरी मी चौथ्या आठवड्यानंतर सुरू केली. संडास पहिले काही आठवडे विचित्र होते, दिवसातून चार-पाच वेळा, थोडी थोडी, कधी घाईची. विष्ठा साठवणारा तुकडाच काढलाय, उरलेल्या आतड्याला शिकायला वेळ लागतो. मला साडेतीन महिने लागले. गाडी चालवणं, ऑफिस, शरीरसंबंध, सगळ्याबद्दल फॉलोअपला थेट विचारा. ओटीपोटातल्या नसांमुळे पुरुषांना कधी ताठरतेचा त्रास होतो, तो सांगितला तरच त्यावर इलाज होतो.

आणि काढलेला तुकडा तपासायला जातो त्याचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट डिस्चार्जच्या दिवशी तयार नसतो, आठ-दहा दिवसांनी येतो. टाके काढायच्या गडबडीत तो लॅबमध्येच पडून राहतो. फॉलोअपच्या दिवशी आठवणीनं मागा, सर्जनसमोर वाचून घ्या आणि पहिल्या सीटीच्या मागे त्याच फाइलमध्ये लावून ठेवा.